दारावरची तीन नाणी : चिनी भविष्यविद्येविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळेगावची औद्योगिक वसाहत आंबी-नवलाख उंबऱ्याच्या अंगाने पसरत गेली आणि तिच्या मागोमाग ज्या नव्या सदनिका उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक दारांवर आज तांबड्या फितीत ओवलेली, मधोमध चौकोनी भोक असलेली तीन नाणी लोंबताना दिसतात. आणि ही नाणी, किंवा दिवाणखान्यातली ढेरपोटी हसरी मूर्ती, म्हणजेच चिनी भविष्यविद्या, असा समज आपल्याकडे रूढ होऊन बसला आहे. एका अतिप्राचीन आणि विचारसंपन्न परंपरेवर या समजाने मोठा अन्याय होतो.

नाण्यांपासूनच आरंभ करू. भविष्य पाहणारा चिनी मनुष्य ती ओंजळीत खुळखुळवून खाली टाकतो. छापाचे तीन व काट्याचे दोन असे गुण धरले की बेरीज सहा ते नऊ यांपैकी काहीतरी येते, विषम आल्यास अखंड रेघ व सम आल्यास तुटक रेघ काढावयाची, आणि अशा सहा रेघा खालून वर रचल्या म्हणजे जी आकृती सिद्ध होते, तिचा अर्थ ‘यी चिंग’ या ग्रंथात पाहावयाचा. नाण्यांच्याही आधीची रीत काड्यांची : एका वनस्पतीच्या 50 वाळलेल्या काड्या घेऊन एक बाजूला ठेवावयाची व उरलेल्या 49 पुनःपुन्हा विभागून मोजावयाच्या. या दोन रीतींचे गणित मुळीच सारखे नाही. नाण्यांनी सहा येण्याचा संभव आठात एक, तर काड्यांनी तो सोळात एक. तेव्हा एकच प्रश्न रीत बदलून विचारला की उत्तराचे पारडेही बदलते, ही गोष्ट श्रद्धाळू माणसाने अवश्य ध्यानात घ्यावी.

अशा आकृती 64 होतात आणि तेवढ्यावरून आधुनिक संगणकाचे द्विमान गणित याच ग्रंथातून निघाले, असे बेधडक सांगितले जाते. वास्तविक लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने ते गणित 1679 मध्येच मांडले होते. चीनमधील एका धर्मोपदेशकाने या आकृतींचा तक्ता त्याजकडे पाठविला तो त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. आणि 64 या संख्येत गूढ ते काय? पिंगलाच्या छंदःशास्त्राची ज्यास ओळख आहे, त्याला सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंनी नेमके तितकेच प्रकार होतात हे ठाऊक असते.

या विद्येचा सर्वांत जुना लेखी पुरावा मला विशेष विलोभनीय वाटतो. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास शांग राजांच्या दरबारी बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या पोटाकडील कवचाला खाचा पाडून त्या तापवीत आणि उमटलेल्या तड्यांवरून पाऊस पडेल काय, मोहीम काढावी काय, राणीस सुखरूप प्रसूती होईल काय, याचा कौल घेत. पुढे त्याच हाडावर दिवस, कौल घेणाऱ्याचे नाव, प्रश्न आणि क्वचित प्रत्यक्ष घडलेला परिणामही कोरून ठेवीत. आन्यांग येथे अशी हाडे हजारोंनी सापडली, आणि 1899 पासून विद्वानांचे त्यांकडे लक्ष गेल्यावर, भविष्य जाणण्यासाठी केलेला हा खटाटोप भूतकाळाचे अस्सल दफ्तर ठरला.

चिनी पत्रिका आपल्या जन्मपत्रिकेसारखीच, हाही एक भ्रम. आपली पत्रिका ग्रहांच्या स्थितीवर उभी असते; चिनी पत्रिकेची आठ अक्षरे वर्ष, मास, दिवस आणि प्रहर यांना साठांच्या चक्रातून मिळालेल्या जोड्या असतात, म्हणजे तो कालगणनेचा हिशेब होय. उंदीर, बैल, वाघ ही वर्षेही 1 जानेवारीस लागत नाहीत. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान येते.

हसरी मूर्ती गौतम बुद्धाची नव्हेच. ती बुदाई नावाच्या, दहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका भ्रमंती करणाऱ्या चिनी भिक्षूची. त्यास पुढे मैत्रेयाचा अवतार मानले गेले. मावळातच कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी असताना बुद्धाची ओळख बाजारातल्या या मूर्तीवरून करून घ्यावी, याचा मनाला विषाद वाटतो.

मग यांतून भविष्य कळते काय? चिनी पद्धतींची नसली, तरी आपल्या फलज्योतिषाची परीक्षा पुण्यातच झाली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 100 हुशार व 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून त्यांपैकी 40-40 पत्रिका प्रत्येक ज्योतिष्याकडे, मूल हुशार की मतिमंद हे ओळखण्यासाठी, दिल्या; 27 जणांची उत्तरे आली आणि त्यांतली बरोबर निघाली 46 टक्के. नुसत्या नाणेफेकीनेही निम्मी जुळली असती.

राहता राहिली फेंगशुई. ती मुळात थडगे व घर यांची जागा निवडण्याची विद्या. पाठीशी डोंगर, पुढे पाणी आणि दर्शनी बाजू दक्षिणेस, हा तिचा दंडक. उत्तर चीनमध्ये हिवाळ्याचे बोचरे वारे वायव्येकडून येतात, म्हणून तिथे तो सयुक्तिक आहे. मावळात इंद्रायणीकाठी पावसाची झड येते ती पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून. घर बांधणाऱ्याने आधी त्या बाजूच्या भिंतीचा आणि छपराच्या वळचणीचा बंदोबस्त करावा.