टेबलाच्या दोन्ही बाजूंना थकलेली माणसं

आजचा विषय जरा घरचा आहे.

सहा वर्षं मी साताऱ्यात इंजिनिअर म्हणून बांधकामाचे प्लॅन करून परवानगीला टाकत होतो. माझा कॉलेजचा मित्र टेबलाच्या पलीकडे. तो सांगलीकडे प्लॅन तपासतो. ऑफिसचं नाव नको. एका लग्नात भेटलो, तेव्हा मी सरळ म्हणालो, "तुम्ही लोक फायली अडवता." तो म्हणाला, "अरे, मला रात्री झोप लागत नाही."

का, ते ऐका. कृष्णेच्या काठाला दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला जवळजवळ मनाईच, आणि दोन रेषांच्या मध्ये अटी. कागदावर सोपं आहे. पण सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१, असे १६ वर्षांत तीन महापूर पाहिले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. उद्या घरात पाणी शिरलं की लोक विचारणार, "सही कुणाची?"

बरं, फाईल ठेवून द्यावी तर तेही नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. रेषा त्याने आखली नाही, नियम त्याने केला नाही, माणसं किती द्यायची हेही त्याच्या हातात नाही. सही मात्र त्याची!

माझंही तेच. २०२० च्या शेवटी जवळजवळ राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली. चांगलं झालं, पण हातातले प्लॅन पुन्हा तपासा, पुन्हा काढा. रोज मालकाचा फोन: "साहेब, झालं का?" उत्तर माझ्याकडे नसायचंच.

यालाच बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातला जोर संपणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणून चार दिवस कासला जाऊन आलात तरी सोमवारी ते तिथंच असतं. जबाबदारी पूर्ण आणि ताबा शून्य, हे सुट्टीने बदलत नाही.

मग ताबा थोडा तरी परत घ्यायचा. मित्र आता सगळ्या त्रुटी एकदाच लिहून देतो, त्यामुळे तीच फाईल पाच वेळा समोर येत नाही. मी मालकाला पहिल्याच दिवशी सांगायला लागलो, "हे माझ्या हातात, हे नाही." रिकाम्या जागा वरूनच भरल्या पाहिजेत, ते आपल्याने होणार नाही. पण फोनची धास्ती कमी झाली.

आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी आणि मोफत; मराठीतही बोलता येतं.

त्या लग्नातल्या बोलण्याबद्दल मी मित्राला सॉरी म्हणालो. तुमच्या टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय, एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!