मूल हट्टाला पेटतं तेव्हा…

पालकांना मार्गदर्शन करणारे काही समुपदेशक पहिला प्रश्न मुलाबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात, "त्या वेळी तुम्हाला स्वतःला काय वाटलं?" या प्रश्नाचं मूळ व्हिएन्नात आहे. तिथे आल्फ्रेड अॅडलर यांनी 1920च्या सुमारास बाल-मार्गदर्शन केंद्रं सुरू केली. त्यांचे सहकारी रुडॉल्फ ड्रायकर्स पुढे अमेरिकेत गेले आणि 1964च्या 'चिल्ड्रन: द चॅलेंज' या पुस्तकातून त्यांनी ही पद्धत घरोघरी पोचवली. त्यांचं म्हणणं असं: आपण या घरातले आहोत, आपल्याला इथे किंमत आहे, हे मुलाला जाणवायला हवं असतं. ते सरळ मार्गाने जाणवलं नाही, की मूल आडमार्ग धरतं.

हे आडमार्ग चार, आणि ते ओळखण्याची खूण आपल्याच मनात सापडते. नुसता वैताग आला, तर मुलाला बहुधा लक्ष हवं असतं. रागावलं की ते थांबतं, पण पाच मिनिटांत पुन्हा सुरू. 'मोठं कोण ते दाखवतेच' असा संताप आला, तर तो सत्तेचा झगडा. मन दुखावलं, तर मूल स्वतःच्या दुखण्याची परतफेड करतंय. आणि 'याला काही जमायचं नाही' असं म्हणून आपण हात टेकले, तर मुलाने आधीच हाय खाल्लेली असते.

खूण पटली की उपाय ठरतो. आई फोनवर असली की आठ वर्षांची मुलगी दर मिनिटाला "आई, आई" करते, असं समजा. फोन लावण्याआधीच तिला सांगायचं, "दहा मिनिटं बोलणार, मग तुझं ऐकणार." बोलताना तिच्या पाठीवर हात ठेवायचा, उत्तर द्यायचं नाही, आणि कबूल केलेला वेळ न चुकता द्यायचा. सत्तेच्या झगड्यात दोरी ओढत बसू नये. "गृहपाठ जेवणाआधी की जेवणानंतर?" असं विचारावं, गृहपाठ टळत नाही, पण निवड मुलाची. मन दुखलेल्या मुलाशी आधी समेट, नियमाचं नंतर. हाय खाल्लेल्याला एकच गणित द्यावं, पण त्याला सुटेल असं.

शिक्षेऐवजी परिणाम द्यायचा, तो चुकीशी जोडलेला हवा. दूध सांडलं तर हातात फडकं. त्यासाठी रविवारची बाग रद्द करण्यात काही अर्थ नाही. इथेच आजी म्हणते, "राहू दे गं, मी पुसते." तिला मुलांसमोर अडवू नये. मुलं झोपल्यावर घरातल्या मोठ्यांनी बसून दोन-तीनच नियम ठरवावेत आणि ते सगळ्यांनी पाळावेत. आठवड्यातून एकदा मुलांनाही बोलवावं. ज्या नियमात त्यांचा शब्द असतो, तो ती जास्त मानतात.

हे सगळं करण्याआधी झोप, भूक आणि आजारपण तपासावं. वागणं अचानक बदललं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

पद्धत बदलली की हट्ट कमी होण्याऐवजी काही दिवस वाढूही शकतो. जुनी युक्ती आजवर चालत आली, म्हणून मूल ती आणखी जोर लावून पाहतं. 'हे आपल्याकडे चालणार नाही' असं म्हणून बरेच पालक नेमके याच दिवसांत माघार घेतात, आणि जोर लावला की जमतं, हे मुलाला पक्कं कळतं.