उन्हाळ्यासाठी राळ्याची कोशिंबीर : उष्णता आणि पाण्याचा हिशेब



कोरमंगल्यात पीजीमध्ये किंवा खोली घेऊन राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांकडे एक इंडक्शन शेगडी, दोन पातेली आणि सामायिक फ्रिज एवढीच सामग्री असते. एप्रिलमध्ये पारा ३४ अंशांच्या आसपास गेला की गरम भात-आमटी नकोशी होते. या पाठात आपण धान्य आणि हिरवी पाने घातलेली एक थंड कोशिंबीर करायला शिकणार आहोत. कृती सोपी आहे. चूक होते ती शिजवल्यानंतर, म्हणून त्या भागाकडे विशेष लक्ष द्या.

१. पार्श्वभूमी

रामनवमीला बेंगळुरूमध्ये पानक आणि ताकाबरोबर कोसंबरी वाटतात. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. चैत्रात आपल्याकडे होणाऱ्या आंबेडाळीची आठवण करून देणारा हा पदार्थ. त्यात शिजवलेले राळे घातले की एका माणसाचे दोन वेळचे जेवण होते. राळ्यांना कन्नडमध्ये ‘नवणे’ म्हणतात. दुकानात ‘सिरिधान्य’ या नावाखाली भरडधान्ये ठेवलेली असतात, तिथे ते मिळतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ही नावे तुमच्याही कानावर आली असतील.

२. साहित्य (वाटी = १५० मिली)

राळे १ वाटी, मूगडाळ पाव वाटी, काकडी १, कोथिंबीर आणि पुदिना मिळून १ वाटी (चिरून), ओले खोबरे २ चमचे, लिंबू १, हिरवी मिरची १, मीठ. फोडणीसाठी तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता.

३. धान्य शिजवणे

राळे धुऊन अर्धा तास भिजवा आणि निथळा. पावणेदोन वाट्या पाणी उकळून त्यात राळे आणि थोडे मीठ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवा, मग आच बंद करून दहा मिनिटे तसेच राहू द्या. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९७ अंशांनाच उकळते. मुंबईच्या घरी लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला तर घाबरू नका. मूगडाळ वेगळी तासभर भिजवा. लगेच खाणार असाल तर ती कच्ची चालते, डब्यासाठी मात्र पाच मिनिटे वाफवून घ्या.

४. धान्य गार करणे

उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात, पण बॅसिलस सिरीअस या जिवाणूचे बीजाणू टिकून राहतात. शिजलेले धान्य कोमट राहिले की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलटी घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. ५ ते ६० अंश ही धोक्याची पट्टी. तिच्यात अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

आता एक उदाहरण सोडवू. शिजलेले राळे सुमारे ३ वाट्या, म्हणजे ४५० मिली होतात. १२ सेंमी व्यासाच्या पातेल्यात त्याचा थर ४ सेंमी होतो. तेच २४ सेंमीच्या ताटात पसरले तर क्षेत्रफळ चौपट होते आणि थर १ सेंमी. थराच्या आतले उष्णतावहन हाच अडथळा असेल, तर गार होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे १/१६ होतो. पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता हाच अडथळा असेल, तर वेळ १/४ होतो. प्रत्यक्ष उत्तर या दोहोंच्या मध्ये येते. शिवाय पसरलेल्या थरातून वाफ निघून जाते, त्याने आणखी मदत होते. म्हणून ताटात पसरा, पंख्याखाली ठेवा, गार होताच झाकून फ्रिजमध्ये ठेवा. गार होताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणे मोकळे राहतात, हा वरचा फायदा.

हे सारे वर्गात शिकवणाऱ्या मी एका उन्हाळ्यात घाईत कोमट राळे डब्यात भरले आणि डबा उष्णतारोधक पिशवीत ठेवला. दुपारी आंबूस वास आला म्हणून ते फेकले. असा वास नेहमी येतोच असे नाही. उष्णतारोधक पिशवी काहीही गार करत नाही, आहे ते तापमान टिकवते. कोमट अन्नासाठी तिच्याइतकी वाईट जागा नाही.

५. पाने आणि काकडी

पाने कच्ची खायची असल्याने शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्यानेच करा, विशेषतः टँकरचे पाणी येत असेल तर. पाने पुसून कोरडी करा आणि धारदार सुरीने चिरा. बोथट सुरीने ती चेचली जाऊन काळी पडतात. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. मीठ लावले की परासरणाने ते बाहेर येते आणि कोशिंबीर पाणचट होते. म्हणून मीठ धान्यात घाला, काकडीला लावू नका. लिंबूही शेवटी पिळा, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग मळकट होतो. आंबटपणा जिवाणूंची वाढ मंदावतो, पण तो गार करण्याला पर्याय नाही.

६. एकत्र करणे

गार राळे, डाळ, मिरची, खोबरे आणि पाने हलक्या हाताने मिसळा. फोडणी थोडी निवू द्या आणि वरून घाला. खाण्यापूर्वी काकडी आणि लिंबू.

कॉलेजला न्यायचे असेल तर राळे आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी थंड मिश्रण डब्यात भरा, काकडी आणि लिंबू वेगळे घ्या. पिशवीत डब्याला लागून गोठवलेली पाण्याची बाटली ठेवा. आता तीच पिशवी तुमच्या उपयोगाची ठरते. फ्रिज मिळत नसेल तर ही कोशिंबीर करा, पण ताजी करून खोलीवरच खा.

स्वाध्याय

१) वरचे ४५० मिली राळे ३६ सेंमी व्यासाच्या परातीत पसरले तर थराची जाडी किती होईल? १२ सेंमीच्या पातेल्याच्या तुलनेत गार होण्याचा वेळ कोणत्या दोन मर्यादांमध्ये असेल?
२) सकाळी ८ वाजता शिजवून कोमटच भरलेला डबा १ वाजता उघडला. तो खावा का? कारण द्या.