दिनविशेष १ ऑगस्ट : एका टेबलावर दोन फोटो



१ ऑगस्टला आपल्या बहुतेक शाळांमध्ये परिपाठाच्या वेळी टेबलावर दोन फोटो ठेवलेले असतात. एक लोकमान्य टिळकांचा आणि दुसरा साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचा. दोन्ही फोटोंना हार घातला जातो, उदबत्ती लावली जाते, मग मुलांची भाषणं होतात. एका वर्षी भाषणं संपल्यावर पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, आज जयंती आहे का पुण्यतिथी? आज आनंद मानायचा का दुःख?" सगळे हसले. मीही हसलो आणि विषय पुढे ढकलला. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. एकाच तारखेला एकाचा जन्म आणि दुसऱ्याचा मृत्यू, हे आपण मुलांना फक्त वाचून दाखवतो. त्याचा अर्थ लावायला शिकवत नाही.

आज या एका तारखेकडे जरा नीट बघूया.

१ ऑगस्टची यादी

परिपाठाला लागते म्हणून आधी थोडक्यात यादी देतो.

ठळक घटना :
- १७७४ : इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचं लाल ऑक्साइड भिंगाने एकवटलेल्या सूर्यप्रकाशात तापवून ऑक्सिजन वायू मिळवला.
- १८३४ : ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात आला.
- १९१४ : जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. पहिलं महायुद्ध पसरत गेलं.
- १९२० : महात्मा गांधींच्या असहकार चळवळीची सुरुवात.
- १९४४ : पोलंडमध्ये नाझी सैन्याविरुद्ध वॉर्साचा उठाव सुरू झाला.

जन्म :
- १८८२ : पुरुषोत्तमदास टंडन, स्वातंत्र्यसेनानी
- १८९९ : कमला नेहरू, स्वातंत्र्यसेनानी
- १९२० : अण्णाभाऊ साठे, लोकशाहीर आणि साहित्यिक

मृत्यू :
- १९२० : लोकमान्य बाळ गंगाधर टिळक

विशेष : महाराष्ट्रात महसूल दिन

यादी वाचायला दोन मिनिटं लागतात आणि विसरायलाही दोनच मिनिटं लागतात. पण यादी पुन्हा एकदा बघा. १९२० हे साल तीन ठिकाणी आलंय. टिळक गेले, अण्णाभाऊ जन्मले आणि असहकार सुरू झाला, हे सगळं एकाच दिवशी, एकाच वर्षी. नुसती तारीख जुळणं वेगळं आणि सालासकट जुळणं वेगळं. मुलांना हा फरक आधी दाखवायला हवा.

रविवार, १ ऑगस्ट १९२०

टिळक तेव्हा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात आजारी होते. ३१ जुलैची मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांचं निधन झालं. म्हणून पुण्यतिथी १ ऑगस्टला येते. "सर, रात्रीच गेले ना, मग ३१ जुलै का नाही?" असं मुलं विचारतात. आपल्या बोलण्यात सकाळ होईपर्यंत 'कालची रात्र'च असते, पण कॅलेंडर मध्यरात्री बारालाच पान उलटतं. तारीख कधी बदलते हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. म्हणजे गेले तेव्हा वय ६४ वर्षं आणि ९ दिवस. अंत्ययात्रेला भर पावसात प्रचंड गर्दी लोटली. गांधीजींनी खांदा दिला. गिरगाव चौपाटीच्या वाळूवर अंत्यसंस्कार झाले. आज तिथे टिळकांचा पुतळा आहे.

असहकारासाठी १ ऑगस्ट हा दिवस आधीच ठरलेला होता. त्याच तारखेच्या पत्राने गांधीजींनी व्हाइसरॉयना 'कैसर-इ-हिंद' हे सुवर्णपदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेवेची पदकं परत केली. गांधीजी तेव्हा ५० वर्षांचे होते. चळवळीच्या खर्चासाठी पुढे जो निधी उभारला, त्याला नाव दिलं 'टिळक स्वराज्य फंड'. एक कोटी रुपये जमवायचे होते. १९२१ मध्ये पुण्यात राष्ट्रीय शिक्षणासाठी टिळक महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. एक नेता गेला आणि त्याच दिवशी चळवळीचं पुढचं पान उघडलं, हे मुलांना अशा बारीक गोष्टींतून पटकन कळतं.

आणि त्याच दिवशी वाटेगावला, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, मातंग समाजातल्या एका गरीब घरात तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. त्याची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात येण्याचं कारणच नव्हतं. हेच पुढे अण्णाभाऊ.

दोघांची शाळा

इथे आपण शिक्षकांनी थोडं थांबावं असं मला वाटतं.

टिळक स्वतः शिक्षक होते, गणित शिकवायचे. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज झालं. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं त्याच्या आधी, १८८१ मध्येच निघाली होती.

अण्णाभाऊंच्या शाळेबद्दल एकच गोष्ट सगळे सांगतात. ते जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. आपण हे भाषणात कौतुकाने सांगतो : "फक्त दीड दिवस शाळा शिकून एवढे मोठे साहित्यिक झाले!" कौतुक खरंच आहे. लहानपणी घरच्यांसोबत गाव सोडून मुंबईला आले, मिळेल ती कामं केली, गिरणीत राबले आणि पाट्या-फलक वाचत अक्षर शिकले. पुढे कथा, कादंबऱ्या, पोवाडे, लोकनाट्यं, रशियाचं प्रवासवर्णन एवढं सगळं लिहिलं. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. तिला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

पण त्या दीड दिवसाची दुसरी बाजूही आहे. एवढा बुद्धीचा मुलगा आणि शाळेला तो दोन दिवससुद्धा टिकवता आला नाही! हे अपयश अण्णाभाऊंचं नाही, शाळेचं आहे. ज्या जातीत ते जन्मले, त्या मुलांना तेव्हा वर्गात कशी वागणूक मिळायची हे आपण जाणतो. म्हणून ही गोष्ट सांगताना "शाळा नसली तरी चालतं" असा अर्थ मुलांनी घेऊ नये, हे बघायला हवं. अर्थ उलटा आहे. शाळेने दार नीट उघडलं असतं तर आणखी किती जण असे पुढे आले असते, हा खरा प्रश्न आहे.

मोठ्या वर्गात आणखी एक गोष्ट सांगता येईल. १९१८ मध्ये मुंबईत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारण परिषद झाली. टिळकांनी तिथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केलं. पण रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर त्यांनी सही मात्र केली नाही. मोठ्या माणसांबद्दल हे सांगितलं तर त्यांचा अपमान होतो असं मला वाटत नाही. आठवी-नववीच्या मुलांना मोठेपण आणि मर्यादा दोन्ही एकत्र समजतात. आपल्यालाच सांगायची भीती वाटते.

दोघांना जोडणारं गिरणगाव

या दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. तरी एक धागा आहे, मुंबईच्या गिरणी कामगारांचा.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. शिक्षेची बातमी पसरताच मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांची शिक्षा म्हणून सहा दिवसांचा संप. लिहिता-वाचता न येणाऱ्या हजारो कामगारांनी एका संपादकासाठी रोजगार बुडवला. रशियाच्या लेनिननेही या संपाची दखल घेऊन लिहिलं.

पुढे याच गिरणगावात अण्णाभाऊ आले. कामगारांच्या सभांमध्ये, चाळींमध्ये डफ घेऊन उभे राहिले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी महाराष्ट्र जागवला. टिळकांसाठी संप करणाऱ्या कामगारांची पुढची पिढी अण्णाभाऊंचा पोवाडा ऐकत होती. आता सांगा, टेबलावरचे ते दोन फोटो एकमेकांपासून किती लांब आहेत?

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. ४९ वर्षं पूर्ण व्हायला १४ दिवस कमी होते.

महसूल दिन १ ऑगस्टलाच का?

हा प्रश्न पालकसुद्धा विचारतात. शाळेचं वर्ष जूनपासून, सरकारी हिशोबाचं एप्रिलपासून, तसं आपल्याकडे महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं मोजतात. गावपातळीवरचे जमीन-महसुलाचे हिशोब या दिवसापासून नव्याने सुरू होतात. ज्या घरी सातबारा आहे त्यांनी तो मुलांना जरूर दाखवावा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते आणि नमुना बारा म्हणजे तिच्यात कोणतं पीक आहे ते. दोन्ही मिळून सातबारा. आणि ज्या घरी सातबारा नाही, त्या मुलाला वर्गात ओशाळं वाटणार नाही एवढी काळजी आपण घ्यायची. अण्णाभाऊंच्या घरीही शेतीवाडी नव्हती.

कागदावरचं स्वातंत्र्य

१८३४ ची नोंदही नुसती वाचून सोडू नका. १ ऑगस्टला कायदा अमलात आला, पण वेस्ट इंडीजमधल्या बहुतेक गुलामांना त्याच मालकाकडे 'शिकाऊ' म्हणून आणखी चार वर्षं, १८३८ पर्यंत राबावं लागलं. मळेवाल्यांना मजूर हवेच होते, म्हणून त्यांनी करारावर भारतातून माणसं न्यायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाज अशा मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचलं. पुढे कोकणातूनही माणसं तिकडच्या उसाच्या मळ्यांत गेली. मॉरिशसमध्ये आजही मराठी मंडळी आहेत, ती याच वाटेने गेलेल्यांची वंशज. लांबची वाटणारी तारीख अशी आपल्या दारात येते.

वर्गात काय करता येईल?

१. सगळी यादी वाचू नका. एक किंवा दोन नोंदी घ्या आणि त्यांवर पाच मिनिटं बोला.

२. फळ्यावर एक आडवी रेघ काढून १८५६, १८८०, १९०८, १९२०, १९४४, १९५९, १९६९ ही सालं मांडा. वरच्या बाजूला टिळक, खालच्या बाजूला अण्णाभाऊ. १९२० ला दोघं कसे भेटतात ते मुलांना दिसू दे.

३. वयाची गणितं घाला. चौथीची मुलं वर्षं काढतील, सहावीची दिवसांसकट काढतील.

४. नकाशावर रत्नागिरी, वाटेगाव, पुणे, मुंबई आणि मंडाले शोधायला लावा.

५. मोबाईलवर आलेली दिनविशेषाची यादी तशीच वाचू नका. साल आणि नाव एखाद्या पुस्तकात पडताळून घ्या. चुकीची तारीख एकदा मुलांच्या वहीत गेली की निघत नाही.

६. भाषणं चिठ्ठ्या टाकून वाटा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली होती.

बरीच वर्षं मी अण्णाभाऊंचं भाषण वस्तीवरच्या मुलाला द्यायचो आणि टिळकांचं भाषण गावातल्या एखाद्या 'हुशार' मुलाला. मनात वाईट काही नव्हतं. "त्याला आपलं वाटेल" असंच वाटायचं. एकदा वस्तीवरचाच एक मुलगा म्हणाला, "सर, यंदा मला टिळक द्या ना. मला पण येतं बोलायला." तेव्हा लक्षात आलं की थोर माणसं मीच वाटून टाकली होती. त्या वर्षापासून चिठ्ठ्या सुरू केल्या. पहिल्याच वर्षी त्याला टिळक आले. मंडालेवर तो इतकं छान बोलला की मुलं भाषण संपल्यावरही प्रश्न विचारत होती. आणि अण्णाभाऊ ज्या मुलीला आले, तिने घरी जाऊन आजोबांना विचारलं, तर आजोबांना त्यांचा पोवाडा पाठ होता!

पाचवीतल्या त्या मुलाला आज मी सांगेन, "बाळा, आज दोन्ही आहे, जयंतीही आणि पुण्यतिथीही. एक माणूस आपलं काम करून गेला आणि दुसरा आपलं काम करायला आला. दोघांचंही काम अजून संपलेलं नाही."

येत्या १ ऑगस्टला हार घालण्याआधी वर्गावर एक नजर टाकूया. कोण आलं नाही, कोण मागच्या बाकावर गप्प बसलंय, कोणाला अजून एकदाही बोलायला मिळालेलं नाही. त्या मुलाचा आपल्या शाळेतला दुसरा दिवस, तिसरा दिवस नीट जावा, एवढं तर आपल्या हातात नक्कीच आहे.