‘द लोरॅक्स’ : थ्नीडचा कारखाना आणि मजुरांचा प्रश्न

पुस्तकातून पडद्यावर : लेखांक ९

‘द लोरॅक्स’ हा जेमतेम पंचवीस मिनिटांचा संगीतमय कार्टूनपट १४ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. डॉ. स्यूस यांच्या त्याच नावाच्या बालपुस्तकाचे हे रूपांतर. पुस्तक रँडम हाऊसने आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये काढले होते. निसर्ग वाचवा असे सांगणारी मुलांची पुस्तके पुढे पुष्कळ निघाली, पण या गोष्टीच्या मध्यभागी जंगल नाही, कारखाना आहे, आणि तोही विणलेल्या कपड्याचा. ज्या सुरतेत लाखो घरांची चूल लूम आणि मिलवर पेटते, तिथे ही गोष्ट परक्या मुलखातली राहत नाही.

एका दुपारचे पुस्तक

डॉ. स्यूस म्हणजे थिओडोर स्यूस गायझेल (१९०४–१९९१). ते कॅलिफोर्नियातील ला होया येथे राहत. डोळ्यांदेखत तिथली झाडे तोडली जात होती आणि टेकड्यांवर घरे चढत होती. त्यावर लिहायचे त्यांच्या मनात होते, पण जे सुचे ते उपदेशासारखे कोरडे वाटे. १९७० मध्ये ते केनियाला गेले. माउंट केनियाच्या परिसरात एका दुपारी समोरच्या टेकडीवरून हत्तींचा कळप उतरताना त्यांनी पाहिला आणि अडलेले लिखाण मोकळे झाले. धुवायला द्यायच्या कपड्यांची यादी करण्यासाठी हॉटेलने ठेवलेला कागद हाताशी होता. पुस्तकाचा बहुतेक मजकूर त्याच दुपारी त्यावर उतरला. लोरॅक्सचे मूळही त्याच मुलखात असावे, असे २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात काही संशोधकांनी मांडले. पाटस जातीचे माकड आणि ते ज्यावर जगते ते काटेरी बाभळीचे झाड यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले.

काळही अनुकूल होता. जून १९६९ मध्ये क्लीव्हलंड शहरातून वाहणाऱ्या कायहोगा नदीवरच्या तेलकट थराला आग लागली होती. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली.

गोष्ट

उजाड, धुरकट गावाच्या टोकाला एका पडक्या इमारतीत वन्सलर नावाचा म्हातारा कोंडून घेऊन राहतो. एक मुलगा त्याच्याकडे जुनी हकीकत ऐकायला येतो. म्हातारा वरून दोरीने बादली सोडतो. तिच्यात पंधरा सेंट, एक खिळा आणि गोगलगाईच्या खापरपणजोबाचा शंख पडल्याशिवाय त्याचे तोंड उघडत नाही. सगळे गेले तरी हिशेबाची सवय गेलेली नाही, हे एवढ्यातच कळते.

तरुणपणी वन्सलर या भागात आला तेव्हा इथे ट्रफुलाची रंगीत झाडे होती. त्यांचे तुरे रेशमाहून मऊ. त्याने एक झाड तोडले आणि तुऱ्याच्या धाग्याचे ‘थ्नीड’ विणले. ते शर्ट, मोजा, टोपी, पडदा, काहीही होऊ शकते, म्हणजे नेमके काहीच नाही. भाव ३ डॉलर ९८ सेंट. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून बुटका, मिशाळ लोरॅक्स उगवतो आणि झाडांना जीभ नसल्याने त्यांची बाजू मांडायला आलो आहे, असे सांगतो. पण पहिले थ्नीड खपते, वन्सलरचे सगे-सोयरे कामाला येतात, कारखाना उभा राहतो आणि एका घावात चार झाडे पाडणारे यंत्र चालू लागते.

नुकसानीचा क्रम नेटका रचला आहे. आधी तपकिरी बारबालूट अस्वले उपाशी पडतात, कारण ती ट्रफुलाच्या फळांवर जगत. मग स्वोमी हंसांचे गळे धुराने बसतात. शेवटी गुणगुणणाऱ्या माशांच्या तळ्यात कारखान्याचा चिकट गाळ उतरतो. अन्न, हवा, पाणी अशा तीन पायऱ्यांत सगळा परिसर उद्ध्वस्त होतो. शेवटचे झाड पडते त्या दिवशी कारखानाही बंद होतो. लोरॅक्स निघून जातो आणि मागे राहते दगडांची एक रास, तिच्यावर कोरलेला एकच शब्द. वन्सलर शेवटचे ट्रफुलाचे बी त्या मुलाकडे टाकतो, तिथे गोष्ट संपते.

छंद, गाणी आणि हिरवे हात

स्यूस यांची पुस्तके बहुधा अशा छंदात असतात की वाचणारा आपोआप ठेका धरतो. दोन हलकी अक्षरे आणि तिसऱ्यावर आघात, असे चार गट एका ओळीत येतात. मराठी छंदशास्त्राच्या भाषेत तो ‘स’ गण ठरेल, आणि असे चार गण म्हणजे तोटक वृत्त. फरक इतकाच की मराठीत लघु-गुरू मोजले जातात आणि इंग्रजीत आघात. असा मजकूर आधीच अर्धा गाण्यात असतो, म्हणून त्याचे संगीतिकेत रूपांतर करताना ओढाताण होत नाही. कार्टूनपटाची पटकथा आणि गीते स्वतः स्यूस यांनीच लिहिली आणि डीन एलियट यांनी संगीत दिले.

निर्मिती डीपॅटी–फ्रेलेंग कंपनीची होती. ‘पिंक पँथर’ची कार्टून याच कंपनीची. दिग्दर्शक हॉली प्रॅट होते. निवेदकाचा आवाज एडी अल्बर्ट यांचा होता, तर लोरॅक्स आणि वन्सलर हे दोन्ही आवाज एकट्या बॉब होल्ट यांनी दिले. या योजनेमुळे वादी आणि प्रतिवादी एकाच गळ्यातून बोलतात. स्यूस यांच्या पुस्तकांवरची ही पहिली दूरचित्रवाणी-निर्मिती नव्हे. ग्रिंचची गोष्ट १९६६ मध्ये, हॉर्टन हत्तीची १९७० मध्ये आणि टोपीवाल्या मांजराची १९७१ मध्ये पडद्यावर आली होती. त्या हसवणाऱ्या होत्या. लोरॅक्सचा शेवट मात्र उदास आहे आणि रूपांतरात तो गोड केलेला नाही.

पुस्तकाप्रमाणे इथेही वन्सलरचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते फक्त लांब हिरवे हात: विणणारे, तोडणारे, पैसे मोजणारे. चेहरा नसल्याने तो कुठलाही एक दुष्ट माणूस ठरत नाही.

पुस्तकात नसलेला प्रश्न

पुस्तकातला वन्सलर लोरॅक्सला बहुतेक वेळा उडवून लावतो. कार्टूनपटातला मात्र स्वतःशी झगडतो. आपण हे केले नसते तर दुसऱ्या कोणी केलेच असते, अशी तो मनाची समजूत घालतो. मग एका प्रसंगी तो लोरॅक्सलाच उलटा सवाल करतो: कारखान्याला टाळे लावायचे का? एवढ्या हजारो कामगारांना घरी बसवायचे का? देशाला ते परवडेल का? यावर लोरॅक्स त्याचे म्हणणे मान्य करतो आणि उत्तर आपल्याकडे नसल्याचे कबूल करतो.

मुलांच्या कार्टूनमध्ये ही कबुली अनपेक्षित आहे. तिच्यामुळे गोष्टीचे वजन बदलते. पुस्तकात हाव विरुद्ध झाडे असा सरळ सामना आहे, तर पडद्यावर झाडे आणि पोट समोरासमोर येतात. लोरॅक्सचे दुबळेपणही इथे उघडे पडते. त्याच्याकडे आवाज आहे, पण नोटीस काढण्याचा अधिकार नाही, मोजण्याचे यंत्र नाही, दंड बसवणारा कायदा नाही.

सुरतेचे उदाहरण

तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघते आणि खानदेश ओलांडून सुरतेला समुद्राकडे वळते. त्याच खानदेशातून, भुसावळ–सुरत रेल्वेमार्गाने, मराठी मजूर इथे आले आणि लिंबायत, उधना भागांत वसले. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आजही त्याची साक्ष देतात. जरी आणि किनखाबाचे हे शहर विसाव्या शतकात नकली रेशमाचे, मग पॉलिएस्टरचे झाले.

इथे ट्रफुला तोडला जात नाही, कारण पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते. पण गोष्टीतल्या पुढच्या दोन पायऱ्या, हवा आणि पाणी, जशाच्या तशा लागू पडतात. लूमवरून उतरलेला ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचा ताका पांडेसरा, सचिन किंवा पलसाणा भागातल्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये जातो. पॉलिएस्टर उकळत्या पाण्यात नीट रंग धरत नाही. जेट मशीनमध्ये दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर रंग धाग्यात शिरतो. त्यासाठी वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर, बॉयलरसाठी कोळसा किंवा लिग्नाइट. साडीचा गुलाबी रंग आणि चिमणीतला धूर असे एकाच साखळीत बांधलेले असतात. दुसऱ्या टोकाला रंगखात्यातून रंगीत पाणी बाहेर पडते.

लोरॅक्सकडे नसलेला कायदा भारतात हळूहळू आला. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर परिषद भरली आणि इंदिरा गांधींनी तिथे भाषण केले. त्यानंतर १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा आणि १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा झाला. गुजरातचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७४ चे. पण वन्सलरचा प्रश्न मंडळापुढेही होताच: मिल बंद केली तर मजूर उघड्यावर, चालू ठेवली तर धूर.

२०१९ मध्ये सुरतेत एक तिसरी वाट आजमावली गेली. सूक्ष्म धूलिकणांसाठी जगात प्रथमच उत्सर्जन-व्यापाराची बाजारपेठ इथे सुरू झाली. मिलच्या चिमणीवर अखंड मोजणी करणारे यंत्र बसते. सगळ्या मिल मिळून हवेत किती धूळ सोडू शकतात याची कमाल मर्यादा मंडळ ठरवते आणि तेवढ्याच परवान्यांचे वाटप होते. एक परवाना म्हणजे एक किलो धूळ. जी मिल धूर कमी करते ती उरलेले परवाने विकते. जिला जमत नाही ती विकत घेते. आधी निरीक्षक अधूनमधून येऊन नमुना घेई. आता प्रत्येक किलोला भाव आला. ३१७ कारखाने घेऊन संशोधकांनी हा प्रयोग तपासला. बाजारात सामील कारखान्यांचे धूलिकण इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटले, आणि त्यासाठी कारखान्यांना टाळे लावावे लागले नाही.

पाण्याच्या बाजूनेही पाऊल पडले. बमरोली येथे महापालिकेने शहराचे सांडपाणी पुन्हा शुद्ध करणारा, रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला आणि २०१४ पासून ते पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना मिळू लागले. तेवढे ताजे पाणी वाचले. रंगखात्यातून निघणाऱ्या रंगीत पाण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यासाठी औद्योगिक वसाहतींत सामाईक प्रक्रिया केंद्रे आहेत.

पुढचा प्रवास

पुस्तकाला विरोधही झाला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेटनव्हिल या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात ते शाळेच्या वाचनातून काढण्याची मागणी झाली. १९९०च्या दशकात लाकूड उद्योगाने ‘ट्रुआक्स’ नावाचे उत्तर-पुस्तक काढले. त्यात शहाणा लाकूडतोड्या आहे. एक बदल मात्र आनंदाचा ठरला. मूळ मजकुरात एरी सरोवराच्या घाणीचा उल्लेख होता. सरोवर पुष्कळ सुधारल्याचे ओहायोतल्या शास्त्रज्ञांनी कळवले, तेव्हा स्यूस यांनी तो पुढच्या आवृत्त्यांतून काढला. कार्टूनपटात तो तसाच राहिला.

२०१२ मध्ये इल्युमिनेशन कंपनीने मोठ्या पडद्यासाठी नवा चित्रपट काढला. त्यात वन्सलरला तरुण, देखणा चेहरा मिळाला, शेवट आनंदी झाला आणि लोरॅक्स मोटारगाडीच्या जाहिरातीतही झळकला, ज्यावर टीका झाली.

१९७२ च्या कार्टूनपटाची गोष्ट सगळे संपल्यावर सुरू होते, म्हणून तिचा उपायही शेवटचाच आहे: एक बी आणि एक मुलगा. मधल्या काळात, कारखाना चालू असताना आणि मजूर पाळीवर असताना काय करायचे, हे ती सांगत नाही. प्रश्न मात्र ती प्रामाणिकपणे विचारते. सुरतेत त्या प्रश्नाचा एक हिस्सा किलोच्या मापाने सुटू लागला आहे.