तान्ह्या बाळांमधील सर्दी

तान्ह्या बाळांमधील सर्दी म्हणजे बाळाच्या नाकाला व घशाला विषाणूंमुळे होणारा संसर्ग होय. सर्दी निर्माण करणारे विषाणू २०० हून अधिक प्रकारचे असून त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वाधिक आढळतो. एका विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून फारसे संरक्षण देत नाही. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत बाळाला वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होणे स्वाभाविक मानले जाते.

लक्षणे

नाक वाहणे, शिंका, खोकला, सौम्य ताप आणि चिडचिड ही प्रमुख लक्षणे होत. सुरुवातीला पाण्यासारखा असणारा शेंबूड दोन-तीन दिवसांत घट्ट, पिवळसर किंवा हिरवट होतो. हा बदल आजाराच्या नेहमीच्या क्रमाचा भाग आहे; केवळ रंगावरून प्रतिजैविके देण्याचे कारण नसते. बहुतेक सर्दी ७ ते १० दिवसांत ओसरते, खोकला मात्र त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो.

पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध ओढताना तोंड व्यापलेले असल्याने, नाक चोंदलेले बाळ दोन-चार घोट घेऊन स्तन सोडते व रडू लागते. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी सर्दी बाळाचे पोषण अशा प्रकारे अडवू शकते.

काळजी

पाजण्यापूर्वी नाकात सलाईनचे थेंब घालून शेंबूड हलकेच काढावा आणि थोडे थोडे दूध वारंवार पाजावे. नाकात तेल सोडण्याची जुनी रीत धोकादायक आहे, कारण ते तेल फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. धुरीमुळे श्वासमार्गाचा दाह वाढतो. कापूर पोटात गेल्यास किंवा त्वचेतून शोषला गेल्यास झटके येऊ शकतात. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार संभवतो. क्लोरफेनिरामाइन व फेनिलएफ्रिन यांचे संयुक्त औषध ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

तीन महिन्यांखालील बाळाला ३८° सेल्सिअस (१००.४° फॅरनहाइट) किंवा अधिक ताप आल्यास, इतर लक्षणे सौम्य असली तरी, त्याच दिवशी तपासणी आवश्यक ठरते. नवजात बाळात गंभीर संसर्ग असूनही कधीकधी ताप नसतो; उलट अंग गार पडू शकते.

श्वासांची गती हा विश्वासार्ह निकष आहे. बाळ शांत असताना, पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण आहे. आर. एस. व्ही. विषाणूच्या संसर्गात पहिले दोन दिवस साधी सर्दी भासते व तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास धाप वाढते. म्हणून ही मोजणी एकदाच करून भागत नाही.

लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी होणे, कान दुखत असल्यासारखे सतत रडणे किंवा सुधारणा होऊन पुन्हा ताप चढणे या स्थितींतही डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ वा जीभ निळसर पडणे, दूध अजिबात न पिणे, झटके येणे किंवा बाळ जागे न होणे या स्थितींत तातडीने रुग्णालय गाठावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.