आष्टीची आगगाडी: समज आणि वस्तुस्थिती

दिनांक 23 सप्टेंबर 2022 रोजी नवीन आष्टी स्थानकातून अहमदनगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली, तेव्हा बीड जिल्ह्याने आगगाडी प्रथमच पाहिली असे सर्रास बोलले गेले. वस्तुतः याच जिल्ह्यातील परळी वैजनाथ निजामाच्या अमदानीपासून लोहमार्गावर आहे, आणि वंचित राहिला होता तो जिल्ह्याचा पश्चिम भाग व खुद्द बीड शहर. ही उणीव दूर करणाऱ्या 261 किलोमीटरच्या नगर-बीड-परळी मार्गास 1995 साली मंजुरी मिळाली, पण आष्टीपर्यंतचे 66 किलोमीटर पुरे व्हावयास सत्तावीस वर्षे गेली. रेल्वे हा निव्वळ केंद्राचा कारभार, ही समजूतही येथे टिकत नाही, कारण या मार्गाचा निम्मा खर्च राज्याच्या तिजोरीवर आहे.

याहून घातक समज असा की, रूळ पडले म्हणजे प्रवाशाची सोय झाली. आरंभीच्या वेळापत्रकात गाडी सकाळी नगरहून निघे आणि दुपारकडे आष्टीहून परते; मग वाटेवरच्या कडा गावच्या ज्या बाईला नगरच्या दवाखान्यात दाखवून, औषधे घेऊन, दिवेलागणीच्या आत घरी परतायचे आहे, तिने एस.टी.च धरली तर तिला रेल्वेची कदर नाही, असे म्हणणे अन्यायाचे होय. डबे रिकामे दिसले की मागणीच नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी वेळापत्रक तपासावे.

प्रवासी गाड्या तोट्यात, म्हणून त्या निरुपयोगी, असेही म्हटले जाते. तोटा खरा आहे: रेल्वे मंत्रालयाच्याच 2024 च्या हिशेबाने 100 रुपयांच्या प्रवासखर्चापैकी प्रवाशाकडून सरासरी 54 रुपयेच वसूल होत होते. परंतु रस्त्याचा खर्च आपण एस.टी.च्या तिकिटावरून मोजत नाही, आणि विद्यार्थ्याचे शिक्षण किंवा शेतमजुराची वाचलेली मजुरी रेल्वेच्या जमाखर्चात कोठेच उतरत नाही.

आगगाडी आली, आता एस.टी. कशाला, हा समज तर दोहोंनाही मारक आहे. राज्याची पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावरच धावली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत आजही तीच पोहोचते. म्हणून गाडीच्या वेळेला स्थानकावर बस उभी राहील, अशी तजवीज दोन्ही खात्यांनी मिळून केली पाहिजे.

दरम्यान लोहमार्ग आष्टीच्या पुढे सरकला आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरची (पूर्वीच्या अहमदनगरची) गाडी सुरू झाली. बीड-परळी हा उरलेला टप्पा पुरा झाला म्हणजेच आष्टीचा प्रवासी थेट परळीच्या जुन्या मार्गाला जाऊन मिळेल. त्यासाठी आणखी सत्तावीस वर्षे लागता कामा नयेत.